गोठ्यात अँटिबायोटिक वापरण्याआधी: नव्या पशुपालकासाठी पायरी-पायरीने

जनावरं घेतली की सल्ले न मागता मिळू लागतात. त्यातला एक हमखास ऐकायला मिळतो: ‘टेट्रासायक्लिनची एक बाटली घरात असू द्या, अडीअडचणीला उपयोगी पडते.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो आणि कधीकधी त्या बाटलीनंतर जनावर उठून चारा खायलाही लागतं. ते औषधामुळे उठलं की तसंही उठणारच होतं, हे मात्र कोणी तपासलेलं नसतं.

हा लेख प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकांच्या, विरोधात नाही. घटसर्प झालेल्या म्हशीला वेळेत प्रतिजैविक मिळालं नाही, तर ती दिवसभरात दगावू शकते. तिथे मागेपुढे पाहण्यात अर्थ नाही. पण अशी वेळ सोडली तर औषध द्यायचं की नाही, हा निर्णय सुई भरण्याच्या बराच आधी होत असतो: धार काढताना, वासराला चीक पाजताना, थर्मामीटर लावताना. नव्या माणसाने लक्ष द्यायचं ते तिथे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. प्रतिजैविकांचा मारा झाला की ‘जनावराला औषध लागू होईनासं होतं’ असं म्हणतात. खरं तर जनावराच्या अंगात काही बदलत नाही, बदलतात ते जीवाणू. औषधाला बळी पडणारे मरतात, तग धरणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. शिवाय तग धरण्याचा गुण ते शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ नावाचं जनुक जाहीर केलं. कोलिस्टिन हे माणसांच्या उपचारात अगदी शेवटी हाताशी उरणारं औषध. डुकरांच्या खाद्यात ते सर्रास जात होतं आणि त्यालाच दाद न देण्याचं हे जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जात होतं. डुकरांत, मांसात आणि रुग्णालयातल्या रुग्णांतही ते सापडलं. पुढे चीनने खाद्यातलं कोलिस्टिन थांबवलं आणि भारताने २०१९ मध्ये खाद्योत्पादक जनावरांसाठी त्याचं उत्पादन आणि विक्री बंद केली.

माणसांच्या बाजूचा हिशेबही लहान नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हे सगळे गोठ्यातून आले असं कोणी म्हणत नाही. माणसांच्या दवाखान्यातला बेफिकीर वापर हे त्यातलं फार मोठं कारण आहे. पण गोठ्यातल्या जीवाणूंची पहिली गाठ पडते ती गोठ्यात काम करणाऱ्याशी, म्हणजे तुमच्याशी आणि तुमच्या घरातल्यांशी.

पहिली पायरी: निरोगी जनावर कसं असतं ते हाताने शिका

औषधांचं कपाट भरण्याआधी एक थर्मामीटर आणि एक वही घ्या. जनावरं ठणठणीत असतानाच आठवडाभर रोज तापमान मोजा. गुदद्वारात थर्मामीटर घालताना तो थोडा तिरपा करून आतल्या भिंतीला टेकवायचा. नुसता शेणात रोवला तर आकडा कमी येतो. गाई-म्हशींत साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट आणि शेळ्या-मेंढ्यांत १०२ ते १०३.५ च्या आसपास, हे नेहमीचं. भर दुपारी, उन्हात उभ्या असलेल्या जनावराचा आकडा वर जातो, तो ताप नव्हे.

मग डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरा आणि दोन मिनिटं थांबा. पोट आतून हात ढकलतं, ते कोठीपोटाचं आकुंचन. मिनिटाला एक-दोनदा ते जाणवायला हवं. रवंथ किती वेळ चालतो, शेण कसं पडतं, कान गरम की गार, नाकपुडी ओली की कोरडी, हेही बघून ठेवा. निरोगी जनावराची ही ओळख नसेल, तर आजारी दिवशी तुमच्याकडे सांगण्यासारखं एकच वाक्य असतं: ‘डॉक्टर, जनावर खात नाही.’ त्या एका वाक्यावर अंदाजाने सुई मारण्यापलीकडे डॉक्टर तरी काय करणार?

डॉक्टरही आजार यायच्या आधी ठरवा. निकड नसताना त्यांना एकदा गोठ्यावर बोलवा, जनावरं दाखवा, लसीकरणाचं वेळापत्रक लिहून घ्या. औषध कपाटात ठेवायचंच असेल तर कोणतं, कशासाठी आणि कोणाला विचारून वापरायचं, हेही त्याच दिवशी ठरून जाऊ द्या.

दुसरी पायरी: औषधाची गरजच कमी करा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे. प्रतिजैविकांचा वापर जिथे खरोखर घटला, तिथे तो मुख्यतः याच कामातून घटला. नॉर्वेतल्या सामन माशांच्या शेतीचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. १९८७ च्या सुमारास तिथे वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविकं खपत होती. चांगल्या लशी आल्या, पिंजऱ्यांच्या जागांची शिस्त आली. पुढे उत्पादन कित्येक पटींनी वाढलं तरी वापर एक-दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून खाली आला.

*चीक.* वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं जवळजवळ नसतात. ती चिकातून येतात आणि आतड्यातून रक्तात शिरण्याची त्यांची वाट तासागणिक बंद होत जाते. २४ तासांनंतर ती जवळपास बंदच असते. म्हणून पहिला चीक शक्यतो पहिल्या दोन तासांत पाजा आणि पहिल्या सहा तासांत वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक पोटात गेलाच पाहिजे. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. ‘आईजवळ सोडलंय, पीत असेल’ यावर विसंबू नका, बाटलीने मोजून पाजा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, असं सांगणारे अजूनही भेटतात. त्यांचं ऐकून थांबलेलं वासरू पुढच्या महिन्याभरात हगवणीने किंवा न्यूमोनियाने आजारी पडण्याची शक्यता वाढते आणि मग प्रतिजैविकांचा खर्च सुरू होतो.

*धार.* दुधाळ जनावरांत प्रतिजैविकांचा मोठा वाटा कासदाहावर, म्हणजे दगडीवर खर्च होतो. हात धुवा, सड स्वच्छ करा आणि कोरडे पुसा. प्रत्येक जनावराला वेगळं फडकं किंवा कागद घ्या. एकच ओलं फडकं सगळ्या कासांवरून फिरवणं म्हणजे आजार वाटत जाणं. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तळाच्या कपात काढा. गुठळ्या, पाणचट दूध, पिवळसर झाक लगेच दिसते. धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडीनयुक्त द्रावणाच्या कपात बुडवा. एवढं करून जनावराला पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ते अर्धा तास तरी उभं राहील. धारेनंतर सडाचं तोंड काही काळ उघडं असतं आणि त्याच वेळी जनावर शेणात बसलं तर आधी केलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. कासदाहाची जनावरं नेहमी सगळ्यात शेवटी पिळा.

*लसीकरण.* लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, शेळ्यांत पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य प्लेग) आणि आंत्रविषार, कोंबड्यांत मानमोडी आणि गंबोरो. यातले काही आजार विषाणूंचे आहेत, तरी त्यांची लस प्रतिजैविकं वाचवते. विषाणूने थकलेल्या जनावरावर जीवाणू चढतात आणि मग ‘दुसऱ्या’ आजारासाठी औषध द्यावं लागतं. लस शीतपेटीतूनच आली पाहिजे. तापलेली लस टोचून घेतली तर संरक्षण मिळत नाही, मनाचं समाधान तेवढं होतं.

*नवं जनावर.* तीन-चार आठवडे वेगळं बांधा. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, काम शेवटी, बूट धुऊन. जागा नाही म्हणून ही गोष्ट सर्वाधिक टाळली जाते. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आडोसा केला तरी काही नसण्यापेक्षा बरं.

हवा खेळती ठेवा, जागा कोरडी ठेवा, गर्दी करू नका. याबद्दल सगळे सांगतात, मी वाढवत नाही.

तिसरी पायरी: हा आजार प्रतिजैविकाचा आहे का?

प्रतिजैविक फक्त जीवाणूंवर काम करतं. विषाणू, जंत, गोचीड, विषबाधा, चाऱ्यातला बिघाड, कॅल्शियमची कमतरता यांवर त्याचा काही उपयोग नाही. हे वाचायला सोपं, पण गोठ्यात विसरलं जातं, कारण बाहेरून दिसणारी लक्षणं सारखीच असतात. जनावर सुस्त आहे, खात नाही, दूध घटलं. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी मान वळवून बसलेली, कान गार पडलेली गाय हा बहुधा दुग्धज्वर असतो. नाव ज्वर असलं तरी त्यात ताप नसतो आणि तिला हवं असतं कॅल्शियम. तिथे प्रतिजैविकात घालवलेले दोन तास महागात पडतात.

वासरांची हगवण घ्या. बऱ्याच वेळा तिच्यामागे रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असतो. वासरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती दोन सेकंदांत सपाट झाली नाही आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर पाणी कमी पडलंय. वासरू उभं आहे, चोखतंय, ताप नाही, शेणात रक्त नाही, तर आधी क्षारांचं पाणी दिवसातून दोन-तीनदा, आणि दूध चालूच ठेवायचं. ताप, रक्त, सुस्ती, चोखणं बंद, यांतलं काहीही दिसलं की डॉक्टर. मग कदाचित प्रतिजैविक लागेलही, पण सलाईन त्याच्याआधी.

कासदाहातही फरक करायला शिका. नुसतं दूध बदललंय, कास मऊ आहे, जनावर खातंय, हा सौम्य प्रकार. अशा दुधाच्या बऱ्याच नमुन्यांत प्रयोगशाळेत जीवाणू वाढतच नाहीत, म्हणजे शरीराने लढाई आधीच जिंकलेली असते. इथे डॉक्टरांना विचारून, नमुना घेऊन, एक दिवस थांबणं बहुतेक वेळा चालतं. पण कास दगडासारखी झालीय, ताप आहे, जनावर बसून राहतंय, दूध पाण्यासारखं येतंय, तर थांबू नका. रात्र असेल तर रात्री फोन करा.

ताप आणि सूज उतरवणारं औषध वेगळं आणि प्रतिजैविक वेगळं, हेही डोक्यात पक्कं असू द्या. मेलॉक्सिकॅमसारख्या औषधाने जनावराला बरं वाटतं, ते खायला लागतं आणि श्रेय सोबत दिलेल्या प्रतिजैविकाला जातं. पुढच्या वेळी मग दोन्ही मागितली जातात.

चौथी पायरी: डॉक्टरांना काय सांगायचं, नमुना कसा घ्यायचा

फोनवर सांगायच्या गोष्टी: जनावराचं वय, गाभण की दुभतं, किती दिवसांपासून त्रास, आजचं तापमान, चारा-पाणी, शेण-लघवी, आधी कोणतं औषध दिलंय, शेजारच्या जनावरांना काही आहे का. घरी आधीच एखादी सुई मारली असेल तर लपवू नका. लपवलं तर निदान चुकतं आणि नमुन्यातही काही वाढत नाही.

आणि एक विनंती. डॉक्टर तपासून म्हणाले की प्रतिजैविकाची गरज नाही, तर ‘एक सुई तरी मारून जा’ असा आग्रह धरू नका. गरज नसलेल्या कित्येक सुया या आग्रहातूनच टोचल्या जातात. तपासणीची फी द्या, औषध नाही दिलं तरी द्या.

कासदाह पुन्हा पुन्हा येत असेल किंवा औषधाने फरक पडत नसेल, तर दुधाचा नमुना तपासून घ्या. कोणता जीवाणू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे त्यातून कळतं. नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधीच घ्यायचा. सड धुऊन पूर्ण कोरडा करा. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचं टोक घासा आणि कापूस स्वच्छ निघेपर्यंत नवा बोळा घेत राहा. निर्जंतुक बाटलीचं झाकण उघडून ते उताणं खाली ठेवू नका, हातातच धरा, आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटली तिरपी धरून थोडं दूध घ्या, म्हणजे कासेवरचा कचरा आत पडणार नाही. झाकण लावा, जनावराचा क्रमांक, सड आणि तारीख लिहा, बर्फात ठेवून लवकरात लवकर पोहोचवा. शेणाचा एक कण आत गेला तरी अहवालात भलतेच जीवाणू येतात आणि उपचार त्यांच्यावर होतो.

पाचवी पायरी: कोणतं औषध आधी, कोणतं राखून

निवड डॉक्टरांची, पण तुम्हाला प्रश्न विचारता आला पाहिजे. युरोपियन औषध संस्थेने पशुवैद्यकीय प्रतिजैविकांचे चार गट केले आहेत आणि ते नव्या माणसाला समजायला सोपे आहेत. ‘ड’ गटात साधं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन, सल्फा. गरज असेल तिथे शक्यतो इथून सुरुवात. ‘क’ गटात टायलोसिनसारखी मॅक्रोलाइड, जेंटामायसिन, फ्लोरफेनिकॉल, क्लॅव्हुलॅनिक आम्ल जोडलेलं अमॉक्सिसिलिन. ‘ड’ मधलं चालणार नसेल तेव्हाच. ‘ब’ गटात एन्रोफ्लॉक्सॅसिन, सेफ्टिओफरसारखी तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कोलिस्टिन. माणसांसाठी ती फार मोलाची असल्याने, शक्यतो नमुन्याचा अहवाल पाहून आणि दुसरा मार्ग नसेल तरच. ‘अ’ गट जनावरांसाठी नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही क्विनोलोन (एन्रोफ्लॉक्सॅसिनचं कुळ), वरच्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि पॉलिमिक्सिन (कोलिस्टिनचं कुळ) सर्वाधिक जपायच्या औषधांत येतात.

‘हे भारी औषध आहे, लगेच गुण येतो’ असं कोणी म्हणालं की डॉक्टरांना विचारा: साध्या औषधाने का चालणार नाही? उत्तर पटलं तर जरूर वापरा.

निरोगी जनावरांची वाढ जोरात व्हावी म्हणून खाद्यात थोडं थोडं प्रतिजैविक टाकणं, हा प्रकार मात्र पूर्ण बंद ठेवा. स्वीडनने तो १९८६ मध्येच थांबवला, युरोपीय संघाने २००६ पासून, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी शिफारस केली. युरोपात २०२२ पासून ‘आजार येईल की काय’ म्हणून अख्ख्या कळपाला सरसकट देण्यावरही बंदी आहे. खाद्याच्या किंवा टॉनिकच्या पिशवीवर घटक लिहिलेले नसतील, तर ती पिशवी घेऊ नका.

सहावी पायरी: वजन, डोस, जागा, दिवस

कमी डोस हा सुरक्षित डोस नसतो. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की अपुरं पेनिसिलिन जीवाणूंना मारत नाही, उलट त्यांना औषधाची सवय लावतं. आणि गोठ्यात डोस कमी पडण्याचं नेहमीचं कारण कंजूषपणा नसून वजनाचा चुकलेला अंदाज हे असतं.

काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बाजूच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर १६० आणि लांबी १४० आली, तर वजन सुमारे ३३० किलो. समजा औषध १० किलोला १ मिलि आहे, तर ३३ मिलि हवं. नजरेने ‘असेल अडीचशे’ म्हणून २५ मिलि भरलं असतं, तर पाव भाग कमी गेला असता.

३३ मिलि एका जागी टोचू नका. मांसात द्यायचं असेल तर मानेवर दोन-तीन ठिकाणी विभागून, दर जनावराला नवी सुई. लेबलवर शिरेत, मांसात की कातडीखाली, जे लिहिलंय तेच. प्रोकेन पेनिसिलिन शिरेत गेलं तर जनावर तिथेच कोसळू शकतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला तोंडाने प्रतिजैविक पाजू नका, त्याने कोठीपोटातले पचन करणारे जीवाणूच मरतात. टेट्रासायक्लिन दुधात मिसळलं तर कॅल्शियमला बांधलं जाऊन वाया जातं.

सडात ट्यूब सोडताना क्रम महत्त्वाचा. चारही सडांत सोडायची असेल, उदाहरणार्थ आटवताना, तर पुसताना आधी पलीकडचे सड, मग अलीकडचे. औषध सोडताना उलट: आधी अलीकडचे, मग पलीकडचे. म्हणजे पुसलेल्या सडाला तुमचा हात घासत नाही. टोक जेमतेम तीन-चार मिलिमीटर आत घाला. पूर्ण घातलं तर सडाच्या आतलं संरक्षक अस्तर खरवडलं जातं आणि बाहेरचे जीवाणू आत ढकलले जातात.

दिवस किती, ते डॉक्टर सांगतील तेवढे. जनावर दुसऱ्या दिवशी खायला लागलं म्हणून सोडून देऊ नका, आणि बाटलीत उरलंय म्हणून दोन दिवस वाढवूही नका. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर स्वतः औषध बदलू नका, फोन करा.

सातवी पायरी: दूध आणि मांस कधीपासून

शेवटच्या डोसापासून ठरावीक काळ दूध विकायचं नाही, प्यायचं नाही. मांसासाठी हा काळ बहुधा जास्त लांब असतो. आकडा लेबलवर असतो आणि औषधागणिक वेगळा असतो. दोन औषधं एकत्र दिली किंवा डोस वाढवला, तर लेबलचा आकडा धरू नका, डॉक्टरांकडून नवा घ्या.

इथे तीन गोष्टी वारंवार चुकतात. एका सडात औषध सोडलं की बाकी तीन सडांचं दूध चालतं असं वाटतं. ते चालत नाही, औषध रक्तातून चारही सडांत उतरतं. दूध उकळलं की औषध जातं असं वाटतं. उकळल्याने प्रतिजैविक भरवशाने नष्ट होत नाही. आणि टाकायचं दूध वासराला पाजलं जातं, म्हणजे लहान वासराच्या आतड्यात कमी मात्रेच्या औषधाची रोजची शिदोरी, अगदी तग धरणारे जीवाणू वाढवायला हवी तशी.

मिश्र टाकीत एका जनावराचं दूध गेलं तरी सगळं वाया जातं. अशा दुधाला विरजण लावलं तर ते नीट लागत नाही, कारण विरजणातले जीवाणूही जीवाणूच. म्हणून उपचार सुरू होताच जनावराच्या मागच्या पायाला रंगीत पट्टी बांधा. धार काढणारा माणूस वही वाचत नाही, पाय बघतो.

कोंबड्यांसाठी थोडं वेगळं

कोंबड्यांत एकेकीला सुई देता येत नाही, औषध पाण्यातून जातं आणि निरोगी-आजारी सगळ्यांना मिळतं. त्यात आजारी पक्षी पाणी कमी पितात, म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांनाच डोस कमी. उन्हाळ्यात पाणी जास्त पिलं जातं, तेव्हा ‘लिटरला इतके ग्रॅम’ हा हिशेब फसतो. एकूण पक्ष्यांचं वजन आणि आदल्या दिवशी प्यालेलं पाणी यावरून मात्रा काढून घ्या. द्रावण रोज ताजं करा आणि उपचार संपल्यावर नळ्या धुवा.

मरतुक दिसली की लगेच औषध सोडण्यापेक्षा ताजे मेलेले पक्षी शवविच्छेदनाला न्या. मानमोडी असेल तर प्रतिजैविकाने काही होणार नाही, कॉक्सिडिओसिस हा परजीवीचा आजार असेल तर औषधच वेगळं लागतं.

शेडमध्ये रोज सकाळी पक्ष्यांच्या उंचीवर खाली बसा आणि श्वास घ्या. उभ्याने जाणवत नाही तो अमोनिया तिथे नाकाला आणि डोळ्यांना झोंबतो. मग मूठभर तूस हातात दाबा. घट्ट गोळा राहिला तर तूस फार ओलं आहे, अजिबात जमलं नाही तर फार कोरडं आणि धुळीचं. हलका गोळा होऊन फुटला तर ठीक. श्वासाच्या आजारांवर होणारा औषधांचा बराचसा खर्च या दोन तपासण्यांत टळतो.

वही आणि उरलेली बाटली

वहीत एका ओळीत: तारीख, जनावराचा क्रमांक, वजन, तापमान, लक्षण, औषध आणि बॅच क्रमांक, डोस, कुठे दिलं, कोणी दिलं, दूध कधीपासून चालेल, गुण आला का. शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात आणि तोच सगळ्यात उपयोगाचा.

औषध सूर्यप्रकाशापासून दूर, लेबलवरच्या तापमानात ठेवा. अर्धी उरलेली, सुई अनेकदा घातलेली बाटली पुढच्या जनावरासाठी जपून ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. मुदत संपलेली औषधं उकिरड्यात किंवा ओढ्यात न टाकता डॉक्टरांकडे परत करण्याची सोय विचारा. सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. उपचार चालू असलेल्या जनावराचं शेण थेट भाजीच्या वाफ्यात नको. टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा बराच भाग शेणा-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. नीट तापलेल्या, कुजलेल्या खतात तो बऱ्यापैकी घटतो, पूर्ण संपत नाही.

वर्षाअखेरीस वही घेऊन डॉक्टरांसमोर बसा. कोणत्या आजारावर सर्वाधिक वेळा औषध लागलं, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागेवर बांधलेल्या जनावरांना? दगडीच्या बहुतेक नोंदी पावसाळ्यातल्या आणि गोठ्याच्या एकाच कोपऱ्यातल्या निघाल्या, तर पुढच्या पावसाआधी त्या कोपऱ्यातला फरशीचा उतार दुरुस्त करून घ्या. एकाच जनावराच्या एकाच सडाच्या नोंदी वारंवार येत असतील, तर तो सड कायमचा आटवायचा की जनावर कळपातून काढायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.